तांबडीची खांदमळणी

बोरगाव, तालुका वाळवा, जिल्हा सातारा
आषाढ शुद्ध पंचमी, सन १९४५

चिरंजीव मानसिंग यास आज्जीनं डोक्यावरनं हात फिरवून लिहिलेलं पत्र.

तुझं जबलपूरचं पत्र मिळालं. दीड ओळ. मी पोस्टमनला म्हटलं, बाबा, उलटं करून बघ, मागं काय राहिलंय का. तो म्हणाला, आज्जी, मागं नुसता शिक्का हाय. लढाई संपली, तू समुद्र ओलांडून आपल्या मुलखात आलास, म्हणून मी नारळ फोडून सगळ्या आळीला खोबरं वाटलं. आता लोक विचारतात, नातू काय म्हणतो. मी काय सांगू, दीड ओळ म्हणतो?

ताप हाय, इस्पितळात हाय, लागट हाय, भेटायला येऊ नका. बरं, न्हाई येत. पण ताप आला की तुला आल्याचा काढा लागतो, तो तिकडं कोण देतंय? विजयमालेनं आलं वाळवून ठेवलंय, पाठवते. पोरीनं तुझं पत्र वाचलं. उठली आणि दोनदा झाडलेलं अंगण परत झाडलं.

मला एक टोचलं ते लिवते. इटलीस्नं तुझी पत्रं यायची त्यात पहिली ओळ तांबडीची असायची. तांबडी कशी हाय, ओंडक्यांवर चढवून ठेवलीय ना, चाकं जमिनीला टेकली न्हाईत ना, टपाची घडी ओली घातली न्हाई ना. मग दुसऱ्या ओळीत मी, आणि शेवटी, जागा राहिली तर, तुझी बायको विजयमाला. आमी दोघी हसायचो. या पत्रात तांबडीचं नाव न्हाई. साताऱ्याचा कालव्यावरचा सायेब विलायतेला निघाला आणि तू ती लाल मोटार घेऊन आलास, तो दिवस मला कालच्यागत आठवतो. दोन माणसांची जागा, लांब नाक, पाठीमागं पेटीसारखं झाकण उघडून आणखी एक बैठक, आणि डोक्यावर छप्पर न्हाई, नुसता कापडाचा टप, तोही घडीचा. आपले शेजारचे भाऊसो म्हणाले, पोरानं अर्धीच मोटार आणली, उरलेली अर्धी मागनं येणार का? तू चिडून त्यांना बसवून इस्लामपूरला नेलंस आणि टोपी उडाली ती पेठच्या माणसाला सापडली.

तर तू विचारलं न्हाईस तरी सांगते. तांबडी बरी हाय. दर पुनवेला आणि अवसेला सुरू होते. ओंडके घरातच हायत, काळजी नको. सविस्तर लिही. ताप आला म्हणून हाताला काय झालं न्हाई.

तुझी आज्जी,
अंबूबाई


जबलपूर, लष्करी इस्पितळ
२० जुलै १९४५

तीर्थरूप आज्जीस,

मानसिंगचा नमस्कार. काढा मिळाला. तब्येत ठीक आहे. अजून काही महिने सोडतील असं वाटत नाही. उगाच वाट बघू नका.

मोटारीचं म्हणशील तर सांगलीच्या हळदवाल्या धरणेंद्र अण्णांना ती पहिल्यापासून आवडते. त्यांना निरोप पाठव आणि नेऊ दे. मला आता मोटारीचा कंटाळा आला आहे. युद्धात रोज तेच केलं.

गुंडा गड्याला शेताचं नीट बघायला सांग. घरात सर्वांना नमस्कार.

मानसिंग


बोरगाव
आषाढ वद्य एकादशी

चिरंजीव मानसिंग यास आशीर्वाद, आणि थोडा रागही, तो आशीर्वादाच्या खाली ठेवला हाय.

तुझं ऐकायचं म्हणून धरणेंद्र अण्णांना निरोप धाडला. ते आले. हळदीचा बाजार तेजीत हाय, अण्णांची तब्येत त्याहून. तांबडीत बसले ते पोट चाकाला लागलं. चाक फिरवायला जावं तर पोटच फिरतंय. मग उतरता येईना. मी आणि विजयमालेनं एकेक हात धरला आणि गुंडानं मागनं रेटलं. अण्णा घाम पुसत म्हणाले, "अंबूबाई, ही मोटार न्हवं, हे अंगरखं हाय. ज्याच्या मापाचं त्यानंच घालावं. मानसिंगला म्हणावं, लवकर ये." चहा घेऊन गेले. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं त्यांना, म्हणून थांबले न्हाईत.

तेव्हा तांबडी इथंच हाय. आता बैलांच्या बेंदराचं सांगते.

आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी केली. नदीवर धुऊन आणले, खांद्याला लोणी-हळद चोळली. वर्षभर जू वागवलेला खांदा तो, एक दिवस तरी त्याला मऊ हात लागावा. चोळता चोळता माझी नजर तांबडीकडं गेली. मनात म्हटलं, हिनं काय कमी वागवलंय? तुला साताऱ्याला नेलं, विजयमालेला लग्न करून याच मोटारीनं आणलं, धुळीनं नवरी पार गुलालात पडल्यागत झाली होती. आणि टपाच्या घडीवर बारीक चिरा पडल्या होत्या, बैलाच्या खांद्याला पडतात तशा. बैठकीला तर चामडंच हाय. मग काय, लोण्याचा गोळा घेतला, हळद कालवली आणि सगळ्या टपाला आतनं-बाहेरनं चोळली. बैठकीला चोळली. नाकावरून तो चामडी पट्टा जातो, ज्याला मी म्होरकी म्हणते, त्याला चोळली. उरलं ते चाकांच्या मधल्या बोंडांना.

दुसऱ्या दिवशी बैलांची शिंगं तांबड्या हुरमुंजानं रंगवली. तांबडीला शिंगं न्हाईत, म्हणून पुढच्या दोन दिव्यांच्या काचा रंगवल्या. लय देखणी दिसली. गळ्यात घुंगरमाळ, नाकावर पुरणपोळीचा नैवेद्य. त्या दिवशी जू ठेवायचं न्हाई हा नेम, म्हणून पुढनं फिरवून सुरू करायच्या हांडेलला हात लावू दिला न्हाई. भाऊसो भिंतीवरनं बघत होते. म्हणाले, "वैनी, वेसण राहिली की." मी म्हटलं, तुमची टोपी नेली त्या दिवशीच घालायला पाहिजे होती.

मग टप मिटला, वर पोतं टाकलं आणि गोठ्यात बांधली. बांधली म्हणजे लावली. आठ दिवसांनी पोतं काढलं तर मुंग्यांची रांग. मुंग्यांचं काय, जातात. पण उंदरांनीबी टपाच्या घडीत बिऱ्हाड केलं होतं. ताटाएवढं भोक पडलं. घाबरू नको, मी जुन्या वाकळेचं ठिगळ लावलंय, हिरव्या लुगड्याचा काठ हाय त्याला, उठून दिसतं.

हे सगळं लिवलं, पण मनात दुसरंच हाय. ज्याला मोटारीचा कंटाळा येईल तो मानसिंग मी वाढवलेला न्हाई. चौथीत असताना पाटीवर शुद्धलेखनाच्या जागी चाकं काढायचास. तुझ्याजवळ बसून मी अक्षरं शिकले, तर माझ्यासुद्धा 'ठ'ला आऱ्या पडल्या. तुला काय झालंय? भाऊसोंचा भाचा ब्रह्मदेशातनं आला तो आईला ओळखेना. पोरीचा जीव उडालाय. एक ओळ लिही. खोटी नको.

अंबूबाई


जबलपूर
११ ऑगस्ट १९४५

आज्जी,

लोणी? टपाला लोणी?

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि शेजारच्या खाटेवरच्या पंजाब्याला मोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. तो इतका हसला की त्याच्या जखमेचा टाका सैल झाला. मला हसू आलं नाही. आज्जी, टप म्हणजे बैलाचा खांदा नव्हे. त्या कापडाला रबराचा लेप असतो, तुपातेलानं तो विरघळतो, चिकट होतो, मग धूळ धरतो, मग फाटतो. उंदरांनी नसता खाल्ला तरी तो मेलाच होता.

आता मी सांगतो तसं कर. टपाची घडी मोडून तो पूर्ण ताणून बसव. कोमट पाण्यात साधा साबण थोडासा, मऊ फडकं, आतून बाहेरून हलक्या हातानं. घासायचं नाही. पुन्हा साध्या पाण्यानं पूस. सावलीत वाळव, कडक उन्हात नको. पूर्ण वाळल्याशिवाय मिटायचा नाही, हे मी तुला जहाजातून लिहिलं होतं, वाळवंटातून लिहिलं होतं आणि आता इथून लिहितो आहे. बैठकीचं चामडं ओल्या फडक्यानं पुसून, दुसऱ्या दिवशी एरंडेलाचं बोट, फक्त बोट, वाटी नाही. हळदीचा डाग आता जन्मभर जाणार नाही. दिव्यांच्या काचांवरचा हुरमुंज रॉकेलच्या बोळ्यानं काढ. चाकांच्या बोंडांत लोणी गेलं असेल तर ते आत आंबेल. गुंडाला म्हणावं चाकं उतरव, आतलं पुसून काढ आणि वंगण भर, वंगण म्हणजे गाडीचं काळं वंगण नव्हे, माझ्या पेटीतल्या पिवळ्या डब्यातलं. आणि ते वाकळेचं ठिगळ काढ. काढू नकोस, पाऊस आहे, राहू दे. पण कुणाला दाखवू नकोस.

गुंड्या काय करत होता? त्याला मी दोन उन्हाळे शिकवलं. इंजिन सुरू केल्यावर आवाज कसा येतो? टक टक येतो की सलग? सुरू करून जागेवरच ठेवता की थोडी हलवता? नुसती जागेवर ठेवली तर क्लचच्या तबकड्या एकमेकींना चिकटतात. गुंड्यानं महिन्यातून एकदा तरी ओंडक्यांवरून उतरवून, क्लच दाबून गिअर टाकून गोठ्याबाहेर काढून आत घ्यायला हवी. मी असतो तर हे सांगावं लागलं नसतं, पण मी येऊन तरी काय करणार आहे, क्लच दाबायला डावा पाय लागतो आणि तो माझ्याकडं नाही.

लिहून गेलो. आता खोडत नाही.

एप्रिलात, एका नदीच्या काठी. ट्रक चालवत होतो, खाली सुरुंग होता. गुडघ्याखालचा गेला. ताप वगैरे काही नव्हता. तुझा काढा पंजाब्यानं प्यायला. मी कुठल्या तोंडानं सांगू, आणि तिला काय सांगू? आपल्या घरात मी कधी बैलाचा कासरा धरला नाही, फक्त चाक धरलं. म्हणून वाटलं, मोटार आधी जाऊ दे, मग मी येईन. किंवा येणार नाही.

मानसिंग


बोरगाव
श्रावण शुद्ध दशमी

माझ्या वासरा,

तुझ्या शिव्या मिळाल्या. पोस्टमननं चार पानांचं पाकीट हातात ठेवलं तेव्हाच मी विजयमालेला म्हटलं, हे आपल्या मानसिंगचं वजन हाय. ती वाचत होती आणि मी शेंगा फोडत होते. साबणाचं आलं, एरंडेलाचं आलं, 'लोणी' म्हणून तू ओरडलास ते आलं. आमी दोघी इतक्या हसलो की भाऊसो भिंतीपलीकडनं विचारायला लागले, मानसिंगला बढती मिळाली का.

मग ती ओळ आली. पोरगी थांबली. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं. शेंगांचं सूप मांडीवरनं खाली ठेवलं मी, एवढं आठवतं.

तुला खरं लिवते. मी रडले. ती रडली. पण रडता रडता माझ्या छातीवरचं जातं कोणीतरी उचललं बघ. मला काय काय वाटलं होतं. डोळे गेले असतील असं वाटलं होतं. डोकं फिरलं असेल असं वाटलं होतं. एकदा तर वाटलं, तिकडं मडम केलीस आणि आता लाजतोयस. ज्या माणसाला एक टप फाटल्याचा एवढा जळफळाट होतो तो माणूस जागेवर हाय. पाय गेला, लय वाईट झालं, त्याचं दुःख मी मरेपर्यंत करीन. पण बाकीचा सगळा माझा मानसिंग पाकिटातनं बाहेर आला, चार पानं भरून, माझ्यावर ओरडत. शिराळ्याला नागपंचमीला गेले होते तिथं मी तुझं नाव घेऊन सांगून आले होते, जसा असेल तसा दे. तसाच मिळाला. तक्रार कुणाकडं करू?

आता माझ्याकडचं एक सांगते. तू ताप लपवलास, न्हवं, पाय लपवलास. मीबी एक लपवलंय.

तू गेल्यावर पहिल्याच अवसेला गुंडानं हांडेल मारलं ते उलटं फिरून त्याच्या मनगटाला बसलं. महिनाभर हात गळ्यात. तेव्हापासनं तो तांबडीच्या समोरनं जात न्हाई, मागनं वळसा घालतो. आता तुझं पुनव-अवसेचं वेळापत्रक कसं पाळायचं? विजयमालेनं तुझं पत्र काढलं. त्यात होतं, अंगठा चार बोटांच्या बाजूला ठेवा म्हणजे हांडेल उलटलं तरी हात सुटतो. तिनं पदर खोचला, अंगठा ठेवला आणि मारलं. सुरू झाली. मग पुढच्या पत्रात होतं, डावा पाय खाली, गिअर पुढं, पाय हळू हळू वर, घाई नको. ती पत्र मांडीवर ठेवून एकेक शब्द करत गेली. पहिल्यांदा कडब्याच्या गंजीत घुसली. कडबा मऊ असतो, काही झालं न्हाई, एक कोंबडी तेवढी वर्षभर अंडी घालायची चुकली.

आता ती इस्लामपूरच्या नाक्यापर्यंत जाऊन येते. पहाटे, रस्त्यात माणूस नसताना. टप उघडा टाकते. मी मागच्या पेटीत बसते, सोबतीला, कारण बाईमाणसानं एकटीनं जाऊ नये. वारा काय लागतो रे मानसिंग. एवढी वर्षं तू त्या अर्ध्या मोटारीचं वेड का घेऊन बसलास ते मला इस्लामपूरच्या माळावर कळलं. डोक्यावर आभाळ आणि बुडाखाली पळणारा रस्ता. मी पदर दातात धरते. ते ओंडके घरातच हायत म्हणून लिवलं होतं ते खोटं न्हाई. त्यांच्यावर बसून मी शेंगा फोडते.

गावाला म्हाईत हाय का? सगळ्या गावाला म्हाईत हाय. कोणी बोलत न्हाई, कारण तानुबाईची सून बाळंतपणात अडली तवा विजयमालेनंच तिला इस्लामपूरच्या डॉक्टरकडं पोचवलं. जन्मलेल्या पोरीचं नाव मोटारबाईच ठेवणार होते, मी हाणून पाडलं.

आता मुद्दा. काल पोरगी माझ्या पाठीमागं उभी राहून म्हणाली, "आज्जी, त्यांना लिवा. दोन बैठका लागून हायत. चाक त्यांनी धरायचं, गिअर त्यांनी टाकायचा. मी डावीकडं बसून उजवा पाय पलीकडं टाकला की क्लचला पोचतो. मी बघितलंय बसून." मी म्हटलं, कवा बघितलंस? म्हणाली, पत्र आल्यावर लगेच. तू कुठल्या तोंडानं सांगू म्हणून बसलायस, आणि ही तिकडं गोठ्यात पाय मोजत बसली होती.

नवा पाय बसवून घे आणि ये. साबण आणलाय. लोण्याला हात लावत न्हाई.

तुझी आज्जी


सांगली, मुक्काम धरणेंद्र अण्णांकडे
३० ऑक्टोबर १९४५

तीर्थरूप आज्जीस साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. दोन दिवस इथंच थांबतो आहोत. पुण्याला नवा पाय बसवला तेव्हा लष्कराच्या भांडारातून तंबूचं जाड कापड मिळालं, त्याचा टप इथला घोड्यांचं सामान शिवणारा माणूस बेतून देतो आहे. जुना काढताना त्यानं तुझं ठिगळ बघितलं आणि विचारलं, हे कुठल्या कंपनीचं? मी सांगितलं, बोरगावच्या.

स्टेशनाबाहेर आलो तर लिंबाखाली तांबडी उभी. मला वाटलं अण्णांचा कोणी माणूस असेल. बघतो तर चाकामागे ही, डोक्यावरून पदर, सरळ पुढं बघत, आजूबाजूला टांगेवाल्यांचा घोळका. मी कुबडी टेकत जवळ गेलो. तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "आवं, बसा लवकर. लोक बघत्यात." मी म्हटलं, बसू कुठं? ती डावीकडं सरकली.

आज्जी, त्या रिकाम्या जागेकडं मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. पाठीमागनं टांगेवाला म्हणाला, "पाव्हणं, जमत नसंल तर घोडा जुपू का?" मग बसलो.

मी 'हं' म्हटलं की तिनं दाबायचं, असं ठरलं. पहिल्या हं ला गाडी गचका खाऊन बंद. दुसऱ्या हं ला टांगेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. गणपती पेठेतून येताना माझं 'हं, हं' ऐकून लोकांना वाटलं मी कण्हतोय. मग आयर्विन पुलावर फिरायला गेलो तेव्हा टप शिवायला दिलेला, नदीवरचा वारा सरळ तोंडावर. पुलाच्या मध्यावर माझ्या ध्यानात आलं की मी बराच वेळ हं म्हणालोच नव्हतो. माझा हात गिअरवर गेला की तिचा पाय आपोआप जात होता.

नव्या पायानंही एकदा दाबून बघितलं. कळत नाही अजून किती दाबलं ते. जमेल पुढंमागं. घाई नाही.

इंजिनाचा आवाज सलग आहे. बैठकीवर हळद आहे. दिवाळीला घरी येतो, उघड्या टपानं.

मानसिंग


बोरगाव
आषाढ शुद्ध तृतीया, सन १९४६

चिरंजीव मानसिंग आणि सौभाग्यवती विजयमाला यांस साताऱ्याच्या पत्त्यावर.

तुमी दोघं साताऱ्याला बिऱ्हाड केलंत, कारखान्यात मोटारी दुरुस्त करायचं काम लागलं, सगळं बरं झालं. मला करमत न्हाई हे लिवणार न्हवते, लिवलं. ओंडक्यांवर बसून शेंगा फोडते आणि रस्त्यावर काही वाजलं की मान वर करते. गुंडा परवा म्हणाला, तांबडी नसली की गोठा ओका ओका वाटतो. मी म्हटलं, आता म्हणतोयस, होती तवा वळसा घालून जायचास.

बेंदराला या. सुट्टी मागून घे. साताऱ्यास्नं निघालात की कऱ्हाडला थांबून तांबडीला पाणी पाजा आणि टप उघडा ठेवा, मला लांबनं दोन डोकी दिसली पाहिजेत. पाऊस आला तर ओढून घ्या, नवा टप पाणी न गळणारा हाय म्हणून अण्णा सांगत होते. अण्णाबी येणार हायत पुरणपोळीला. त्यांना बसवून बघू नका.

विजयमालेनं मागल्या पत्रात हळूच लिवलंय, कोपऱ्यात, तुला दिसू नये म्हणून. नवा पाय बरा हाय, आता क्लच तू एकटा दाबतोस, घाटात तेवढा तिचा पाय घेतोस. पण दिवसभर उभा राहिलास की पट्टा काचतो, गुडघ्याखाली घट्टा पडलाय, आणि तू सांगत न्हाईस. आता मला सांग, वर्षभर जू वागवून बैलाच्या खांद्याला पडतो तो घट्टा आणि हा, यात काय फरक?

तेव्हा नीट ऐक. तांबडीला मी बोट लावणार न्हाई. टपाला साबण, चामड्याला एरंडेल, काचेला काही न्हाई, तुझं सगळं पाठ हाय. पण आदल्या दिवशी संध्याकाळी तू ओसरीवर बसायचं, नवा पाय काढून बाजूला ठेवायचा आणि मुकाट्यानं गुडघा माझ्याकडं करायचा. लोणी मी आत्तापासनं साठवतेय. गुंडा बैलांचं करील, मी तुझं करीन. ओरडायचं न्हाई. त्याला रबराचा लेप न्हाई आणि उंदीर लागत न्हाईत.

वाट बघते. हांडेल मारताना अंगठा बोटांच्या बाजूला ठेव.

तुझी आज्जी,
अंबूबाई